‘डोळे झाकून एक्सफॅट’ करण्याआधी

‘नॅसला जोडायची एक्स्टर्नल ड्राइव्ह डोळे झाकून एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. १) ती सगळीकडे चालते. २) ईएक्सटी४ केली तर विंडोजवाल्यांना नेटवर्कवर दिसणार नाही. ३) एनटीएफएस लिनक्सवर बिघडते. ४) एक्सफॅटला जर्नल नाही, म्हणून ती सर्वांत फास्ट.’

नाशिकच्या आम्हा फोटो-व्हिडिओवाल्यांच्या ग्रुपांवर सध्या हा मेसेज फिरतोय. मला चार जणांनी पाठवला, त्यातल्या दोघांनी खाली हातही जोडलेत. सिंहस्थ तोंडावर आलाय, जो तो टेराबाइटच्या हिशेबात बोलतोय आणि एम. जी. रोडवरून ड्राइव्ह आणून तसाच खोक्यातून काढून नॅसच्या मागे खुपसतोय. म्हणून लिहायला बसलो. नवख्यांसाठी आधी एवढंच: नॅस म्हणजे नेटवर्कवरून सगळ्यांना वापरता येणारी साठवणुकीची पेटी. एक्सफॅट, एनटीएफएस आणि ईएक्सटी४ या ड्राइव्हवर फायली मांडायच्या पद्धती; पहिल्या दोन मायक्रोसॉफ्टच्या, तिसरी लिनक्सची.

सुरुवात दुसऱ्या मुद्द्यापासून करतो, कारण खरा घोळ तिथे आहे. ड्राइव्ह नॅसच्या यूएसबीला लावली की तुमचा कॉम्प्युटर तिच्याशी बोलतच नाही. तो नॅसशी बोलतो, तेही एसएमबी या नेटवर्कच्या भाषेत. ड्राइव्ह वाचणं-लिहिणं हे नॅसमधल्या लिनक्सचं काम. वाण्याकडे तूरडाळ मागितली की तो डाळ देतो, आत कोठीत डबे कसे मांडलेत ते त्याचं त्याला ठाऊक. पुरावा घरातच आहे: सिनॉलॉजी किंवा क्यूनॅप कंपनीच्या नॅसच्या पोटातल्या डिस्क बहुतेक वेळा ईएक्सटी४ किंवा बीटीआरएफएस (लिनक्सचीच आणखी एक मांडणी) असतात, आणि तेच शेअर तुम्ही विंडोजवरून रोज उघडता. आतली डिस्क दिसते, मग मागे लावलेली का दिसू नये?

‘सगळीकडे चालते’ हे आज बऱ्यापैकी खरं आहे, पण कायम नव्हतं. मायक्रोसॉफ्टने एक्सफॅट २००६ मध्ये आणली, तिचा तपशील जाहीर केला तो २०१९ मध्ये. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, नीट ड्रायव्हर आला २०२० साली, ५.७ आवृत्तीत. सिनॉलॉजीच्या जुन्या डीएसएममध्ये (त्यांच्या नॅसची ऑपरेटिंग सिस्टिम) तर एक्सफॅटसाठी वेगळं पॅकेज विकत घ्यावं लागायचं. तेव्हा पाच-सात वर्षांचं जुनं नॅस असेल तर ‘सगळीकडे’मध्ये ते येतं का, आधी बघा. दुसरं असं की फाइल कोणाच्या मालकीची, कोणाला खोडता येईल, ही नोंद एक्सफॅट ठेवतच नाही. हार्डलिंकही (नवी जागा न घेता त्याच फाइलला दिलेलं दुसरं नाव) नाही. म्हणजे आरसिंक या कॉपी करायच्या प्रोग्रॅमने रोजचा बॅकअप घेताना न बदललेल्या फायली हार्डलिंकने जोडून जागा वाचवायची सोय गेली. एकट्याच्या ड्राइव्हला हे चालेल. स्टुडिओत चार एडिटर असतील तर नाही.

चौथ्या मुद्द्यावर मात्र मला बोलायचंच आहे, कारण त्याची फी मी भरलीय. जर्नल नसणं हा गुण म्हणून सांगणारा माणूस पावसाळ्यात आमच्या इंदिरानगरला राहिलेला दिसत नाही. एका लग्नाचं फुटेज एक्सफॅट ड्राइव्हवर उतरत होतं आणि वीज गेली. नॅस यूपीएसवर होतं हो, पण ड्राइव्हचा अॅडॉप्टर भिंतीतल्या सॉकेटला! (हसू नका, आपापल्या टेबलाखाली एकदा वाकून बघा.) वीज आल्यावर ड्राइव्ह माउंट होईना. दुरुस्ती चालवली, फोल्डर परतलं, त्यातल्या काही फायली शून्य बाइटच्या. कॅमेऱ्याचं कार्ड अजून पुसलं नव्हतं म्हणून अब्रू वाचली.

जर्नल म्हणजे बदल करण्याआधी वहीत टिपून ठेवणं. वीज मध्येच गेली तर ती वही बघून फायलींची मांडणी सावरता येते. ईएक्सटी४ला आणि एनटीएफएसला ही वही आहे. अर्धवट उतरलेली क्लिप जर्नलही परत देणार नाही, पण आधीपासून असलेल्या मजकुराची मांडणी सहसा विस्कटत नाही. आणि वेगाचं म्हणाल तर गिगाबिट लॅनची कमाल सेकंदाला १२५ एमबी. तुमची अडचण बहुतेक वेळा तिथे असते. जर्नलने पडणारा फरक हाताला लागत नाही.

उलट जागेचा हिशेब करा. फाइल कितीही छोटी असली तरी तिला जागेचा निदान एक अख्खा तुकडा लागतो. मोठ्या ड्राइव्हवर एक्सफॅटचा हा तुकडा, म्हणजे क्लस्टर, सहसा १२८ केबी असतो, ईएक्सटी४चा ब्लॉक ४ केबी. थंबनेल, प्रीव्ह्यू, साइडकार (फोटोसोबतची एडिटच्या नोंदींची फाइल) अशा दोन-दोन केबीच्या एक लाख फायली ईएक्सटी४वर ४०० एमबीत मावतील, एक्सफॅटवर जवळपास १२ जीबी खातील.

तिसरा मुद्दा जुन्या काळचा. २०२१ मध्ये कर्नल ५.१५ सोबत एनटीएफएससाठी नवा ड्रायव्हर आला. त्याआधी एनटीएफएस-३जी हा जुना ड्रायव्हर होताच, हळू असला तरी लिहायचा नीट. खरी भानगड वेगळी: विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ (बंद करूनही विंडोज अर्धवट झोपेतच ठेवणारी सोय) चालू असताना, ‘इजेक्ट’ न करता ड्राइव्ह उपटून नॅसला लावली की ती फक्त वाचायला उघडते. खापर मात्र लिनक्सवर.

मग एक्सफॅट कधी? ड्राइव्ह खांद्याच्या पिशवीत फिरणार असेल, आज रामकुंडावर मॅकला, उद्या क्लायंटच्या विंडोजला, तेव्हा बेशक. नॅसमागे मुक्कामाला असेल तर ईएक्सटी४. दोन्ही कामं करायची असतील तर एनटीएफएस, पण मॅक तिच्यावर आपणहून लिहीत नाही हे धरून.

एक्सफॅटची ईएक्सटी४ जागच्या जागी होत नाही. सगळं आधी दुसरीकडे उतरवावं लागतं, मग फॉरमॅट. आणि ईएक्सटी४ ड्राइव्ह थेट विंडोजला लावली तर विंडोज तिला ओळखत नाही, म्हणून माझ्या ड्राइव्हवर मी आता पांढरी चिकटपट्टी लावलीय: ‘ईएक्सटी४ आहे. विंडोजने फॉरमॅट करू का विचारलं तर नाही म्हणा.’