खुलासा : ऑपरेशननंतरचं बरळणं आणि झोपेची गोळी
इंदूरच्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरतंय : ‘ऑपरेशननंतर आजी-आजोबा रात्री बरळले तर तो भुलीच्या औषधाचाच परिणाम, अर्धी अल्प्राझोलाम (झोपेची गोळी) द्या.’ कृपा करून देऊ नका. ही बहुधा डिलिरियमची, म्हणजे आजारपणात अचानक येणाऱ्या तात्पुरत्या मानसिक गोंधळाची अवस्था असते. ती साधारण पहिल्या १ ते ३ दिवसांत दिसते, रात्री वाढते, आणि अशा गोळीने आणखी चिघळू शकते. पडून हाड मोडण्याचाही धोका. मूळ कारण वेगळंच असतं : तुंबलेली लघवी, दुखणं, जंतुसंसर्ग, रक्तातलं घटलेलं सोडियम. म्हणून आधी नर्सला बोलवा. चष्मा, श्रवणयंत्र लावून द्या, दिवसा खिडकी उघडी ठेवा, रात्री दिवे मंद. गुपचूप, सुस्त पडून राहणंही डिलिरियमच असू शकतं. तेच जास्त नजरेतून सुटतं. मात्र रोजची जुनी झोपेची गोळी एकदम बंद करू नका, डॉक्टरांना आधीच सांगा.