बाखची पट्टी 432 नव्हती

फिरत फिरत तो मेसेज अखेर मावशीपर्यंत पोचला: बाख-मोझार्ट हे जुने युरोपियन संगीतकार 432 हर्ट्झच्या ‘नैसर्गिक’ पट्टीत (म्हणजे वाद्यं जुळवायचा ‘ए’ हा स्वर सेकंदाला 432 कंपनांचा) वाजवत, नाझींनी जगावर 440 लादला, 432 ऐकलं की रक्तदाब उतरतो. मावशीला रक्तदाब आहे. तिने विचारलं, "गोळी बंद करून बघू का?"

नाही! गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायची नाही. 440 आणि 432 मध्ये अर्ध्या स्वराचा तिसरा हिस्साही फरक नाही. पेटी बाजूला ठेवून गाताना आपण तेवढे सहज घसरतो.

आता बाख. तो जिथे काम करायचा त्या जर्मनीतल्या लाइपझिगच्या चर्चमधला ऑर्गन साधारण 465 ला, बाकीची वाद्यं साधारण 415 ला. एकाच चर्चमध्ये, एकाच रचनेत दोन पट्ट्या! म्हणून ऑर्गनवाल्याचा कागद एक पूर्ण स्वर खाली उतरवून लिहावा लागे. ते कागद आजही आहेत. ब्रूस हेन्स या संशोधकाने, जो स्वतः जुन्या बनावटीचा ओबो (सनईसारखं वाद्य) वाजवायचा, शिल्लक राहिलेल्या बासऱ्या, ऑर्गन, कॉर्नेट (जुनं लाकडी फुंकवाद्य) यांच्या पट्ट्यांची मोजमापं गोळा केली. फ्रान्समध्ये 392 च्या आसपास, जर्मन ऑर्गनवर 465. गावागणिक पट्टी वेगळी. बाखच्याच काळातल्या हॅंडेल या संगीतकाराचा 1751 चा स्वरकाटा 422.5 चा. ‘मूळ’ असा एक आकडा कुठे सापडतच नाही. आपल्याकडेही काळी एकवाला आणि काळी चारवाली आपापला तंबोरा लावतातच ना?

नाझींचं म्हणाल तर 440 ची शिफारस श्टुटगार्टमध्ये 1834 लाच झाली होती. हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्स, त्याचा जन्मच 1897 चा. आणि 440 हा आंतरराष्ट्रीय आकडा ठरवणारी 1939 ची परिषद भरली लंडनमध्ये.

एवढं मान्य करतो: इटालियन ऑपेराकार व्हर्डीने 1884 मध्ये 432 ला खरोखर पाठिंबा दिला होता. ऑर्केस्ट्रांची पट्टी तेव्हा चढत चालली होती आणि गायकांचे गळे ताणले जात होते. जुन्या वाद्यांवर बाख वाजवणारेही आज 415 घेतात, पण तो सोयीचा आकडा आहे. 440 पेक्षा अर्धा स्वर खाली, त्यामुळे हार्पसिकॉर्डचा (पियानोच्या आधीच्या तारवाद्याचा) कीबोर्ड एक घर सरकवला की दोन्हीकडे चालतो. फ्रेंच संगीतही त्याच 415 ला वाजवतात तेव्हा मला खटकतं, पण निदान ते त्याला निसर्गाचा नियम म्हणत नाहीत.

यूट्यूबवरचा ‘मूळ 432 मधला बाख’ बहुतेकदा आजच्याच ऑर्केस्ट्राचं रेकॉर्डिंग असतं, सॉफ्टवेअरने खाली ओढलेलं. आतड्याच्या तारा नाहीत, जुना गज नाही, लाकडी बासरी नाही. ज्या गोष्टींनी आवाज खरोखर बदलतो, त्यातली एकही त्यात नसते.