आजीला पोहता येत नव्हते

माझ्या आजीचे उभे आयुष्य कृष्णेच्या काठावर गेले. सांगलीच्या आयर्विन पुलापलीकडे, सांगलवाडीत आमचे घर होते आणि रोज सकाळी धुण्याचे बोचके घेऊन ती नदीवर जात असे. पाण्याचा रंग पाहून वर घाटात पाऊस लागला की नाही, हे ती अचूक सांगायची. मात्र गुडघ्याच्या वर पाण्यात ती कधी उतरली नाही. तिची धाकटी बहीण लहानपणी नदीवर पाय घसरून बुडाली होती आणि त्या वेळी काठावर धुणे धूत असलेल्या सात-आठ बायकांपैकी एकीलाही पोहता येत नव्हते. मी सहा वर्षांची झाले तेव्हा आजीने काकांना बोलावून सांगितले, "पोरीला आधी पवायला शिकीव, मग शाळंत घाल." आज मी चौसष्ट वर्षांची आहे. पोहणे, वल्हवणे आणि समुद्र या तीन गोष्टींनी माझे आयुष्य भरून गेले, त्याची सुरुवात त्या वाक्यापासून झाली.

मळ्यातल्या विहिरीत १९६७ च्या उन्हाळ्यात मी शिकले. काकांनी माझ्या पाठीला वाळका भोपळा बांधला आणि दर आठवड्याला तो काढून आधीच्यापेक्षा लहान भोपळा बांधत गेले, त्यामुळे भोपळ्याचा आधार नेमका कधी संपला, हे मला कळलेच नाही. हातपाय कसे मारायचे, हे त्यांनी पुष्कळ नंतर शिकवले. पहिले आठ दिवस त्यांनी मला पायरीला धरून तोंड पाण्यात घालायला लावले आणि पाण्याखाली श्वास सोडायचा व वर येऊन घ्यायचा, एवढेच करून घेतले. पुढे मी चांगल्या प्रशिक्षकांकडे शिकले. परंतु घाबरलेला माणूस श्वास रोखून धरतो आणि तिथूनच त्याचे बुडणे सुरू होते, हे काकांइतके स्पष्ट मला कोणी सांगितले नाही.

दहाव्या वर्षी, वैशाखात नदी शांत असताना, मी सांगलवाडीच्या काठावरून पलीकडच्या सरकारी घाटापर्यंत पोहत गेले. आजी काठावर बसून होती. मी परत येईपर्यंत ती जागची हलली नाही, असे आई सांगत असे.

तेराव्या वर्षी घरातल्या मोठ्या माणसांनी "आता पुरे" असे ठरवले आणि आजीचेही त्यांच्यापुढे काही चालले नाही. त्यानंतरची पाच वर्षे मी पाण्याबाहेर काढली. पावसाळ्यात कृष्णेत होड्यांच्या शर्यती होत, सांगलवाडी, समडोळी, डिग्रज, कवठेपिरान अशा गावांचे संघ एका तालात वल्ही मारत यायचे आणि दोन्ही काठ माणसांनी भरून जायचे. माझे सगळे लक्ष सुकाणू धरणाऱ्या माणसाकडे असे. मला ती जागा हवी होती, आणि तसे म्हणण्याचीही सोय नव्हती. त्या पाच वर्षांचे दुःख माझ्या मनातून अजून गेलेले नाही.

पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात १९७९ मध्ये प्रवेश मिळाला आणि पहिल्याच आठवड्यात मी संगमाजवळच्या बोट क्लबवर जाऊन उभी राहिले. या महाविद्यालयाची रेगाटा, म्हणजे नावा वल्हवण्याचा वार्षिक सोहळा, १९२८ पासून चालत आलेली आहे. मुली मोजक्याच होतो. पहिल्या दिवशी मला वाटले की, वल्हवणे हे दंडाचे काम असणार. प्रत्यक्षात सरकत्या बैठकीवर गुडघे दुमडून पुढे जायचे, पाते पाण्यात बुडवायचे आणि पायांनी जोर देऊन मागे यायचे असते, हात केवळ शेवटी येतात. पाते जरा वाकडे बुडाले तर पाणी ते आत ओढते, वल्ह्याची मूठ पोटात बसते आणि स्कलसारखी अरुंद नाव क्षणात उलटते. माझी नाव पहिल्या महिन्यात अनेकदा उलटली. पोहता येत असल्यामुळे मला त्याची भीती वाटली नाही, आणि कोणताही जलक्रीडाप्रकार शिकण्याआधी पोहणे का आले पाहिजे, हे तिथे मला अंगावर शिकायला मिळाले. रेगाटाच्या रात्री पाण्यावर हलणाऱ्या मशाली अंधारात पाहिल्या, की मला घरचा घाट आणि कार्तिकातले दिवे आठवत असत. मुळा-मुठेला तेव्हाही वास येत असे. नंतरच्या काळात जलपर्णीने भरलेले ते पात्र पुलावरून पाहताना मला दर वेळी गलबलून येते.

मुंबईतली नोकरी, संसार आणि मुले यांत वीस-बावीस वर्षे गेली. त्या काळात तरणतलावातली सकाळची पाऊण तासाची पोहणी तेवढी मी सोडली नाही.

समुद्रात खऱ्या अर्थाने मी उतरले ती वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी. मालवणच्या चिवला किनाऱ्यावर डिसेंबरमध्ये सागरी जलतरण स्पर्धा होतात, तिथे २०१४ मध्ये मी दोन किलोमीटरसाठी नाव दिले. खारे पाणी शरीराला वर उचलून धरते, म्हणून समुद्र नदीपेक्षा सोपा जाईल, अशी माझी समजूत होती. परंतु तलावात तळाशी रेघ असते, नदीत काठ दिसतो. समुद्रात डोके पाण्यात असताना दिशा म्हणून काहीच नसते. दर आठ-दहा हातांनंतर डोके वर काढून बोया, म्हणजे मार्गाची तरंगती खूण, शोधावा लागतो, आणि नेमकी त्याच वेळी लाट आली तर तोही दिसत नाही. मधल्या टप्प्यात मी वाट चुकले, घाबरले आणि श्वास रोखून धरला. मग उताणी होऊन काकांनी शिकवल्याप्रमाणे श्वास सोडत राहिले, हृदय ठिकाणावर आल्यावर पुन्हा निघाले. माझा क्रमांक बराच खाली लागला. आयुष्यात मिळालेल्या पदकांपेक्षा त्या दिवसाचे प्रमाणपत्र मी अधिक जपून ठेवले आहे.

आरती साहा यांनी १९५९ मध्ये इंग्लिश खाडी पोहून पार केली, तो माझ्या जन्माआधीचा काळ. नौदलाच्या सहा महिला अधिकारी 'तारिणी' या शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करून २१ मे २०१८ रोजी गोव्यात परतल्या, तेव्हा मी दूरदर्शन संचासमोर अक्षरशः रडले. पुढे २०२५ मध्ये त्याच नौकेतून दोघीच जणी जग फिरून आल्या. या स्त्रियांचा मला अतोनात अभिमान आहे. आणि तरीही माझ्या गावाकडच्या बायका आजही आजीसारख्याच गुडघाभर पाण्यात थांबतात, ही गोष्ट मला स्वस्थ बसू देत नाही.

२०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेले. पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळ येथे पुरातून माणसांना बाहेर काढणारी नाव उलटली आणि माणसे बुडाली. त्यांत बायका होत्या, लेकरे होती. पट्टीचा पोहणारासुद्धा तशा लोंढ्यात वाचेलच असे मी म्हणणार नाही. पण ती बातमी ऐकली त्या रात्री मला आजीची बहीण आठवली, आणि निवृत्तीनंतर काय करायचे, हे माझ्यापुरते ठरले.

आज किनाऱ्यावर जाकीट घालून दहा मिनिटे जेट स्कीवर बसणे म्हणजे जलक्रीडा, असा समज रूढ झाला आहे. त्यातून मालवणच्या कुटुंबांना रोजगार मिळतो आणि तो मिळायलाच हवा. मात्र त्यातून कोणाला पाणी कळत नाही. दुसरीकडे, कृष्णेत शेरीनाल्याचे सांडपाणी येते, मगरींचा वावर आहे, विहिरींवर जाळ्या बसल्या, त्यामुळे नदीकाठची मुलेसुद्धा आता पाण्यापासून लांब वाढतात. मुलांना नदीत सोडा, असे मी सांगणार नाही. परंतु तालुक्याच्या तरणतलावात शाळेतल्या प्रत्येक मुलामुलीला, आणि त्यांच्या आयांनाही, तरंगणे शिकवले गेले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. गेली पाच वर्षे मी उन्हाळ्यात बायकांचा वर्ग घेते. त्या सलवार-कमीज घालून येतात, पहिले आठ दिवस कठडा धरून केवळ श्वास सोडतात, आणि वयाच्या पन्नाशीत पहिल्यांदा उताण्या तरंगतात.

शेवटी एक विनंती. ज्यांच्या रानात शेततळे आहे, त्यांनी कृपया हे आजच करावे. त्यातला प्लास्टिकचा कागद ओला झाला की इतका निसरडा होतो की, पोहता येणाऱ्या माणसालाही काठ चढता येत नाही. चारही बाजूंना पक्की खुंटी ठोकून तिला जाड दोर बांधावा, त्याला हात-हातभर अंतरावर गाठी माराव्यात आणि तो पाण्याच्या तळापर्यंत सोडून ठेवावा, म्हणजे तळ्यातले पाणी खाली गेले तरी दोर हाताला लागेल.