खोली नंबर तीन आणि मनमिळाऊपणाचे दहा मार्क

आमच्या जुन्या क्लबातल्या पोरांनी परवा व्हॉट्सअॅपवर नव्या नियमांचा मसुदा पाठवला. खाली एक ओळ : माजी सदस्यांनी मत द्यावे. मत द्यायला मला कुणी सांगावं लागत नाही, पण या वेळी चार दिवस गप्प बसलो. कारण मसुद्यातली गुणांची पद्धत बरीचशी आमचीच आहे, आणि ती ज्यांनी लिहिली त्या तिघांत मी एक होतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : क्लब म्हणजे कॉलेजच्या पोरांनी स्वतःच चालवलेलं वसतिगृह, सोलापुरातली भाड्याची दुमजली इमारत. १४ खोल्या, ३८ पोरं. रेक्टर नाही, वॉचमन नाही. मेस आपणच चालवायची, बाजार आपणच आणायचा, हिशेब आपणच लिहायचा. पोरं सांगोला, मंगळवेढा, करमाळा, अक्कलकोटकडची, दोन-तीन कर्नाटकातल्या इंडीकडचीही. दरवर्षी मार्चमध्ये प्रत्येकाचं मूल्यमापन व्हायचं. त्यावर दोन गोष्टी ठरायच्या : पुढच्या वर्षी सदस्यत्व राहणार का, आणि खोली कुठली मिळणार.

दुसरी गोष्ट किरकोळ वाटत असेल तर तुम्ही एप्रिलमध्ये सोलापुरात वरच्या मजल्यावर राहिलेले नाही. दिवसा ४२-४३ अंश. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर ते खाली सोडत बसतो. रात्री एक वाजता भिंतीला हात लावला तरी चटका. पश्चिमेच्या कोपऱ्यातल्या खोलीला आम्ही ‘तवा’ म्हणायचो. तिथली पोरं गादी ओली करून झोपायची, नाहीतर चादर काखेत मारून गच्चीवर जायची आणि पहाटे डासांनी फोडून काढलेली खाली यायची. आणि विद्यापीठाच्या परीक्षा नेमक्या त्याच दिवसांत. तळमजल्यावरची तीन नंबरची खोली मात्र कडुनिंबाच्या सावलीत. तिथं दुपारी दोनला झोप लागायची.

आता आमचे गुण. शंभरपैकी आधीच्या निकालाचे मार्क ३०, क्लबची कामं ३०, ज्येष्ठता २०, मनमिळाऊपणा १० आणि समितीचं मत १०. कागदावर काय देखणं दिसायचं! रयत शिक्षण संस्थेत शिकलेला एक सीनियर प्रत्येक सभेत कर्मवीर अण्णांचा दाखला द्यायचा. साताऱ्यात १९२४ साली त्यांनी काढलेल्या वसतिगृहात सगळ्या जातींची पोरं एकत्र राहिली, जेवली, राबली. खरंच आहे ते. पण तिथं पोरं राबली ती शिकायला मिळावं म्हणून. आमच्याकडं पोरं राबत होती सावलीतल्या खोलीसाठी.

फेब्रुवारी लागला की क्लबात झाडू कमी पडायचे. जुलै ते जानेवारी ज्याला मोरी कुठं आहे माहीत नसायचं तो अंगण लोटताना दिसायचा, तेही समितीतला कुणी चहाला निघाल्यावर. गणपतीच्या वर्गणीला दहा जण, स्टेजवर माईक धरायला पाच जण. मेसचे हिशेब तपासायला एकही नाही, कारण त्याला गुण फक्त २ होते आणि भांडणं फुकट.

पण खरी गोम पाण्यात होती. सोलापूरकरांना सांगायला नको. जिल्ह्यात उजनी धरण असून आपल्याकडं पाणी तीन-चार दिवसांआड, कधी त्याहून उशिरा, आणि येणार ते रात्री अडीचला. क्लबात कुणीतरी जागं राहायचं, नळ फुसफुसला की मोटर लावायची, खालची टाकी, वरची टाकी, पिंप, मेसचे हंडे. दोन तासांचं काम, आणि चुकलं तर ३८ जणांची अंघोळ बंद. कामाच्या रजिस्टरात मात्र पाणी नव्हतंच. सही करायला समितीतलं कोण उठणार अडीचला?

ते काम दोन वर्षं एकच पोरगा करत होता. अक्कलकोट तालुक्यातला, घरी कानडी, मराठी बोलताना लिंगाची गडबड व्हायची आणि सगळे हसायचे, म्हणून बोलायचाच कमी. तव्यात राहायचा. नाहीतरी झोप येत नाही, म्हणून पाण्याला बसायचा. "पाणी आलंय बे, उठा की!" एवढीच त्याची रात्रीची आरोळी, आणि आम्ही कूस बदलायचो.

मार्चमध्ये त्याचे गुण झाले ४९. मनमिळाऊपणात दहापैकी ३. हे गुण पोरंच चिठ्ठीवर लिहून द्यायची, आणि जो हसत नाही, क्रिकेटला येत नाही, त्याला कोण देणार? मार्क कमी पडले, कारण रात्री झोप नाही. झोप नाही, कारण खोली तवा. तवा का, तर गेल्या वर्षीचे मार्क कमी. या चक्रातून त्यानं कुठून बाहेर पडायचं, हा प्रश्न आम्हा तिघांपैकी एकालाही पडला नाही. तिसऱ्या वर्षीही त्याला तवाच मिळाला. तीन नंबरची खोली कुणाला मिळाली ते तुम्ही ओळखलं असेल. माझे ७६ होते. समितीच्या मताचे दहापैकी दहा.

तिसऱ्या वर्षी दिवाळीनंतर तो परत आलाच नाही. बाहेर कुठंतरी खोली घेतली असं कळलं. त्यानंतर पंधरा दिवसांत दोनदा पाणी आलं आणि गेलं, कुणालाच कळलं नाही. टँकर मागवावा लागला.

म्हणून नव्या पोरांना माझं म्हणणं एवढंच : सदस्यत्वाचं मूल्यमापन आणि खोलीचा नंबर या दोन गोष्टींची गाठ सोडा.

मूल्यमापन नको असं मी म्हणत नाही. ३८ जणांचं घर चालवायचं तर काम टाळणाऱ्याला विचारलंच पाहिजे. पण विचारायचं एवढंच, की वाट्याला आलेलं काम केलं का, मेसचं बिल भरलं का, कुणाला त्रास दिला का. उत्तर हो किंवा नाही. नाही असेल तर आधी लेखी सांगा, सुधारायला दोन महिने द्या, मग सभेत ठरवा. पहिल्यापासून अडतिसाव्यापर्यंत रांग लावायची गरज काय? सत्ताविसावा आणि अठ्ठाविसावा यांच्यात अर्ध्या गुणाचा फरक असतो, आणि तो बहुतेक वेळा कुणाच्या तरी मूडचा असतो.

मनमिळाऊपणाचा रकाना तर फाडूनच टाका. आणि नव्या मसुद्यात पहिल्या वर्षाच्या पोरांची सीनियरसमोर ‘तोंडी ओळख’ घालून त्यालाही ५ गुण ठेवलेत, ते कुणाचं डोकं आहे? महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे. तुम्ही ओळख म्हणाल, रात्री अकराला दहा सीनियरांपुढे उभा राहिलेला पोरगा तिला काय म्हणेल ते त्याला विचारा.

खोल्यांचं सोपं ठेवा. ज्याला पायाचा, श्वासाचा, तब्येतीचा त्रास आहे त्याला आधी, डॉक्टरचा कागद बघून, समितीचं तोंड बघून नाही. मग शेवटच्या वर्षाची पोरं. बाकी सगळे चिठ्ठ्यांवर. ज्याची चिठ्ठी यंदा शेवटी निघाली तो पुढच्या वर्षी पहिला निवडणार. म्हणजे कुणाच्या नशिबी सलग दोन उन्हाळे तवा येणार नाही. वरच्या खोल्यांचं भाडं कमी करायची सूचना कुणीतरी टाकली आहे. हेतू चांगला असेल, पण दोन वर्षांत वरचा मजला गरिबांचा होईल.

माझा एक जुना मित्र म्हणतो, "गुण काढले तर झाडू कोण मारणार बे?" पाळीनं मारणार. पाळी चुकवली तर पुढच्या दोन पाळ्या त्याच्या. घरात आई भाऊ-बहिणींत कामं वाटते तेव्हा जास्त भांडी घासणाऱ्याला खिडकीजवळची जागा देते का? आणि पाण्याची पाळी सगळ्यात आधी लिहा. दोन-दोन जणांची जोडी, दुसऱ्या दिवशी मेसच्या कामातून सुट्टी.

अजून एक, मसुद्यात कुठंच नाही म्हणून. मार्च संपायच्या आत गच्चीला चुना मारा. चार पोतीही लागत नाहीत, एका रविवारचं काम आहे. फार नाही, पण वरच्या खोल्या थोड्या तरी थंड होतात. आम्ही तीन वर्षं खोल्यांच्या क्रमावर भांडलो आणि खोली बरी करायचं एकदाही सुचलं नाही. परीक्षेच्या दिवसांत मेसचा हॉल रात्री वरच्यांना झोपायला मोकळा ठेवा, हेही.

मत द्यायची मुदत रविवारपर्यंत आहे. माझं मी वरच्यासारखंच कळवलंय, ४९ आणि ७६ या आकड्यांसकट. आमच्या बॅचपैकी कुणाकडं त्या अक्कलकोटच्या पोराचा नंबर असेल तर मला मेसेज करा. मसुदा त्यालाही पाठवायला हवा, माजी सदस्य तोही आहे.