लेस्टरची साक्ष

बाबांचा रविवारचा फोन हवापाण्यावरून सुरू होतो. परवा मात्र ते थेट मुद्द्यावर आले. "तुमच्याकडे लाईट सगळी प्रीपेडच असते ना गं? मोबाईलसारखी?" मागे कोणीतरी तावातावाने बोलत होतं. म्हणजे फोन स्पीकरवर होता आणि इंग्लंडमध्ये लेस्टरला राहणाऱ्या मला साक्षीला उभं केलं होतं.

दांडिया बाजारातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये स्मार्ट मीटरचा, म्हणजे रीडिंग आपोआप कंपनीला कळवणाऱ्या मीटरचा, वाद पुन्हा निघालाय. बडोद्याबाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगते. केंद्राच्या २०२१ च्या योजनेत देशभर २५ कोटी प्रीपेड स्मार्ट मीटर बसवायचं ठरलं. बडोद्यात ते बसू लागले आणि मे २०२४ मध्ये, ऐन उन्हाळ्यात, शहर भडकलं. रिचार्ज चार दिवसांत संपतो, मीटर पळतो, अशा तक्रारी घेऊन लोक वीज कंपनीच्या कचेऱ्यांवर मोर्चे घेऊन गेले. मोहीम थांबवावी लागली. लोकांची शंका फिटावी म्हणून नव्या मीटरच्या शेजारी जुनाही ठेवू, असं जाहीर झालं.

तेव्हापासून बिल्डिंगमध्ये दोन तट आहेत. एक म्हणतो, मीटर पळतो. दुसरा म्हणतो, परदेशात असंच असतं, आधी पैसे मग वीज, आपल्याच लोकांना उधारीची सवय. या दुसऱ्या तटाने परस्पर माझं नाव घेतल्यामुळे मला बोलणं भाग आहे.

ब्रिटनमध्ये प्रीपेड मीटर आहे, पण तो 'सगळ्यांकडे' नाही. साधारण चाळीस लाख घरांत आहे, आणि ही घरं कोणाची ते बघितलं की गोष्ट उलगडते. भाड्याने राहणारे, बिल थकलेले, हातातोंडाची गाठ असलेले. मी लेस्टरला आले तेव्हा त्यांच्यातच होते. घरमालकाने चाव्यांच्या जुडग्याबरोबर विजेची एक प्लास्टिकची किल्ली आणि गॅसचं एक कार्ड हातात ठेवलं. कोपऱ्यावरच्या दुकानात जायचं, किल्लीवर दहा पौंड भरायचे, घरी येऊन ती मीटरमध्ये खुपसायची. (बडोद्याचा माणूस लेस्टरमध्ये आला की मराठीपेक्षा त्याचं गुजरातीच आधी कामाला येतं. दुकानदारकाका युगांडातून आलेले गुजराती, त्यांच्याशी माझी ओळख या किल्लीमुळेच झाली.) संध्याकाळी त्यांच्या काउंटरवर रांग असायची. माझ्या पुढची म्हातारी पाच पौंडांची नोट घडी उलगडून ठेवायची, तीन विजेला, दोन गॅसला. थंडीत दोन पौंडांच्या गॅसने खोली किती वेळ तापते, हे मला तेव्हा कळलं.

आणखी एक गोष्ट तेव्हाच कळली. इथे रोजचा एक स्थिर आकार असतो, वीज किंवा गॅस वापरा की नका वापरू. उन्हाळ्यात मी गॅस जवळजवळ वापरलाच नाही. ऑक्टोबरात कार्ड भरलं तर निम्मे पैसे मागच्या महिन्यांच्या आकारात वळते झाले. मीटर पळाला नव्हता. पण घरात बसून मलाही 'पळतो' असंच वाटलं. बडोद्यात ज्यांना तसं वाटलं त्यांना म्हणूनच मी हसत नाही. तिथे बिल दोन महिन्यांनी येतं. म्हणजे प्रत्येक घर दोन महिन्यांच्या उधारीवर चालतं. प्रीपेड आलं की त्या एका वळणावर मागचं बिलही द्यायचं आणि पुढचंही. तेही मे महिन्यात, एसी चालू असताना. हे आधी नीट सांगितलं असतं तर निम्मं भांडण झालंच नसतं, असं मला वाटतं. पण सांगायचं कोणी? मीटर बसवणारा ठेकेदाराचा पोरगा स्क्रू पिळून निघून जातो.

पगार नियमित झाल्यावर मी डायरेक्ट डेबिटवर गेले. इथली बहुतेक बरी घरं त्यावरच आहेत. कंपनी वर्षाच्या वापराचा अंदाज बांधते, त्याचे बारा भाग करते आणि दर महिन्याला तेवढे पैसे खात्यातून आपण होऊन जातात. बिल हातात आल्यावर भरू म्हणाल तर दर चढा लागतो. म्हणजे सोय तुमची नाही, त्यांची, आणि तिला सवलतीचा मुलामा. उन्हाळ्यात तुमचे पैसे त्यांच्याकडे साठतात, हिवाळ्यात उतरतात. उधारीचं गणित उलटं झालं, इतकंच. बडोद्यात कंपनी थांबायची, इथे मी आधी देऊन बसते.

२०२२ चा हिवाळा आठवतो. गॅसचे भाव युक्रेनच्या युद्धाने भडकले होते. सर्वसाधारण घराचं वर्षाचं बिल, सरकारी नियामकाच्या कमाल दराने, ऑक्टोबर २०२१ मध्ये १,२७७ पौंड होतं. ते वर्षभरात ३,५४९ वर जाणार होतं. सरकारने मध्ये पडून २,५०० वर रोखलं आणि प्रत्येक घराला वर ४०० पौंड दिले. इथे लोकांची एक गैरसमजूत तेव्हा ऐकली, अगदी आपल्यासारखी: २,५०० च्या वर बिल येणारच नाही म्हणे! मर्यादा युनिटच्या दरावर होती, बिलावर नव्हती.

माझी फजिती त्यानंतरची. कंपनी बदलल्यावर माझा स्मार्ट मीटर मुका झाला. जुन्या पिढीच्या मीटरांचं तसं व्हायचं. रीडिंग जाईना, मग नवी कंपनी अंदाज ठोकत राहिली. एके दिवशी ईमेल आला, पुढच्या महिन्यापासून १२६ च्या जागी १८९ पौंड कापू. माझे तीनशेवर पौंड त्यांच्याकडे जमा असताना! मी जिन्याखालच्या कपाटात टॉर्च घेऊन शिरले, मीटरचे फोटो काढले, तीनदा फोनवर ताटकळले. हप्ता १३२ वर आला. जमा रक्कम मागितली तेव्हा ३४० पौंड परत मिळाले. न मागता काहीच आलं नव्हतं.

या बाबतीत आपली पद्धत मला खरंच सरस वाटते. भारतात ऑटोपेची परवानगी देताना वरची मर्यादा आपण ठरवतो, त्यापलीकडे कापता येत नाही, आणि चोवीस तास आधी सूचना येते. इथे तशी मर्यादाच नाही. पूर्वसूचना येते, चुकून जास्त कापलं तर बँक लगेच परत देते, ही हमी चांगली आहे. पण रक्कम किती हे कंपनी ठरवते.

मग प्रीपेडवर माझं मत काय? बाबांनाही सांगितलं, मीटरला घाबरू नका, पण 'परदेशात असतं' म्हणून घेऊही नका. घ्यायचंच तर इथले नियमही मागा. रात्री आणि शनिवार-रविवारी शिल्लक संपली तरी इथे लाईट जात नाही. २०२३ च्या सुरुवातीला थकबाकीदारांच्या घरात कोर्टाचा हुकूम घेऊन शिरून जबरदस्तीने प्रीपेड मीटर बसवण्याचे प्रकार उघडकीला आले, तेव्हा देशभर ते थांबवावं लागलं. आता पंचाहत्तरीच्या पुढची एकटी माणसं किंवा दोन वर्षांखालचं मूल असलेल्या घरात ती जबरदस्ती चालत नाही. हे नियम आपोआप आले नाहीत, थंडीत कुडकुडलेल्या लोकांनी आणले. बडोद्यात प्रश्न थंडीचा नाही, मेमधल्या पंख्याचा आहे, पण तो रात्री दोन वाजता बंद पडला तर म्हाताऱ्या माणसाला तितकाच महाग.

आणि कागद मागा. बाबांच्या दारामागे तार आहे, तिच्यात जीईबीच्या, म्हणजे जुन्या गुजरात वीज मंडळाच्या, काळापासूनची बिलं ओवलेली. जीईबी २००५ मध्येच वेगवेगळ्या कंपन्यांत वाटली गेली, पण आमच्याकडे अजून 'जीईबीचं बिल'च येतं. शेजारी डायरी, तिच्यात महिन्याचं रीडिंग आणि पुढे शेरे: 'पाहुणे ६ दिवस', 'गीझर बिघडला', 'कुलर काढला'. एकदा एका बिलात दोनशे युनिट जास्त लागले होते, तेव्हा ही डायरी घेऊन ते कचेरीत गेले आणि बिल दुरुस्त करून आणलं. मोबाईलवर उतरत जाणाऱ्या शिल्लकेशी असं भांडता येत नाही.

हे सगळं मी स्पीकरवर सांगितलं. दोन्ही तट गप्प होते, बहुधा दोघांचंही समाधान झालं नव्हतं. मग बाबा म्हणाले, "ते राहू दे. तुझे तीनशे चाळीस पौंड त्यांच्याकडे किती महिने पडून होते?"

"आठ-नऊ असतील."

"व्याज किती दिलं?"

"नाही देत, बाबा."

पलीकडे डायरीचं पान उलटल्याचा आवाज आला. "थांब, लिहून घेतो," ते म्हणाले.