बेकार आहात? मग निदान शहराचा टक्का तरी बिघडवू नका

नोकरी नाहीये? असू दे, होतं असं. पण त्यापायी शहराच्या बेरोजगारीच्या टक्क्याला त्रास देऊ नका. मोठ्या महानगरात हजारभर लोक घरी बसले तर कुणाला पत्ताही लागत नाही, लहान शहराचं तसं नसतं, एक कारखाना बंद पडला की आकडा सटकन वर जातो आणि बिचाऱ्या पुढाऱ्यांना भर सभेत विषय बदलावा लागतो. बरं दिसतं का ते?

तर पहिलं म्हणजे काम शोधणं बंद करा. खरंच सांगतोय. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या व्याख्येत बेरोजगार कोण, तर ज्याला काम नाही, जो कामाला तयार आहे आणि जो काम शोधतोय तो. शोधणं सोडलंत की तुम्ही बेरोजगार राहत नाही, तुम्ही श्रमशक्तीच्या (म्हणजे काम करणारे आणि काम शोधणारे मिळून जे होतात त्यांच्या) बाहेर, विषय संपला. हिशोबच करून बघा ना, श्रमशक्तीत १०० माणसं, त्यातली ८ बेकार, म्हणजे ८ टक्के. ३ जण वैतागून शोधायचे थांबले, उरले ५, आता भागायचं ९७ ने, आले ५.२ टक्के. अजून २ जण बॅग भरून दुसऱ्या शहरात गेले, ३ भागिले ९५, झाले ३.२! एकालाही नोकरी न देता आठावरून तीनावर. लावा फ्लेक्स. (काही खवचट लोक श्रमशक्ती सहभागाचा दरही, म्हणजे एकूण लोकांतले किती टक्के श्रमशक्तीत आहेत तेही, काढून बघतात, त्यांच्या नादी लागू नका.)

अमेरिकेत तर शोधून थकलेले आणि नाइलाजाने पार्टटाइम करणारे असे सगळे धरून यू-६ नावाचा वेगळा आकडा काढतात, पण बातमीत मिरवतो तो यू-३, त्यात हे कुणी बेकार नसतातच. शिका जरा.

शोधल्याशिवाय राहवतच नसेल तर आठवड्यातून एक तास काम करा. हो, एकच तास. १९८२ पासून आंतरराष्ट्रीय निकषच तसा आहे. इंजिनिअरिंगची डिग्री असली तरी भाऊ जेवून येईपर्यंत घरच्या दुकानाच्या गल्ल्यावर बसा, सुट्टे पैसे मोजा, दोन गिऱ्हाइकांना "तो माल संपलाय" म्हणून सांगा, झालात तुम्ही रोजगारित. पगार मिळाला नाही म्हणून रडू नका, घरच्या धंद्यातली बिनपगारी मदतसुद्धा बऱ्याच देशांत रोजगारातच धरतात.

आणि तरीही टक्का वाढलाच तर घाबरायचं नाही, तुलना बदलायची. मागच्या महिन्याशी जुळत नसेल तर मागच्या वर्षाशी करा, तेही नको तर सरळ एप्रिल २०२० काढा, तेव्हा अमेरिकेतच १४.८ टक्के होती, त्याच्यापुढे आपण कायम हिरोच. सणासुदीला दुकानांत तात्पुरती पोरं घेतात ना, तो महिना पकडून "रोजगारात भरारी" म्हणायचं, नंतर त्यांना काढतात तेव्हा म्हणायचं हंगामी आहे हो.

हा टक्का काढायला घरोघर फिरणाऱ्या सर्व्हेवाल्यांपासून मात्र जपून. लहान शहरात त्यांच्या वाट्याला घरंच थोडी येतात, त्यामुळे तुमच्या एकट्याच्या भाबड्या उत्तरानेही आकडा हलू शकतो. बेल वाजली आणि दारात टॅबलेट घेतलेला माणूस दिसला तर सरळ सांगा, मी पाहुणा आहे, उद्या जाणार.