पोटॅशियमच्या गोळ्यांनी कॅन्सरविरोधी जनुक जागं होत नाही

सध्या एक संदेश जोरात फिरतोय: 'कॅन्सर दाबणारं जनुक पोटॅशियमवर चालतं. रोज पोटॅशियमच्या गोळ्या घ्या, जनुक जागं होईल, रोग हटेल. गोळ्यांनी अपाय नाही.' यातलं जनुक खरं आहे, त्याचं नाव केसीएनआरजी. बाकीचा संदेश चुकीचा आहे आणि रक्ताच्या कॅन्सरच्या रुग्णासाठी जीवघेणा ठरू शकतो.

'जनुक पोटॅशियमवर चालतं.' उलट आहे. पोटॅशियम चॅनल म्हणजे पेशीच्या पटलातलं दार. व्होल्टेजवर उघडणारं हे दार चार घटक जुळून बनतं आणि ती जुळणी प्रत्येक घटकाचा टी१ हा भाग करतो. केसीएनआरजीच्या प्रथिनात टी१सारखाच भाग आहे, पण छिद्र बनवणारा भाग नाही. त्यामुळे ते जुळणीत घुसून ती बिघडवतं, पटलावर पोचणारी दारं कमी होतात आणि पोटॅशियमचा प्रवाह घटतो. तो प्रवाहही मुख्यतः बाहेरच्या दिशेने असतो, कारण पेशीत पोटॅशियम सुमारे १४० मिलीमोल प्रति लिटर असतं, रक्तात ३.५ ते ५.

'जनुक जागं होईल.' ते झोपलेलं असेल तर ना! हे जनुक तेराव्या गुणसूत्रावर १३क्यू१४ या पट्ट्यात आहे. सीएलएल या रक्ताच्या कॅन्सरात निम्म्याहून अधिक रुग्णांच्या कॅन्सरपेशींत तिथला तुकडाच गळालेला असतो. गळालेला डीएनए क्षार खाऊन परत येत नाही.

'कॅन्सर दाबणारं.' इथे थोडं थांबायला हवं. केसीएनआरजी पेशींची वाढ रोखतं हे प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींत दिसलंय, म्हणून ते दावेदार. पण त्याच तुकड्यात मिआर-१५ए आणि मिआर-१६-१ हे सूक्ष्म आरएनए, म्हणजे प्रथिनं बनण्याला लगाम घालणारे छोटे रेणू, आहेत. पेशींना मरू न देणाऱ्या बीसीएल२ या प्रथिनाला ते आवर घालतात, आणि उंदरांत ते काढून टाकल्यावर सीएलएलसारखा रोग होतो. त्यांचा पुरावा कितीतरी भक्कम आहे.

'गोळ्यांनी अपाय नाही.' हे सर्वांत घातक वाक्य. बीसीएल२ रोखणारं व्हेनेटोक्लॅक्स हे औषध सीएलएलमध्ये आठवड्याआठवड्याने वाढवतात: २०, ५०, १००, २००, मग ४०० मिलिग्रॅम. कारण पेशी एकदम मेल्या तर त्यांच्या आतलं पोटॅशियम रक्तात सांडतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात, थांबूही शकतात. म्हणूनच सुरुवातीच्या डोसआधी आणि नंतर ६ ते ८ व २४ तासांनी रक्त तपासतात. त्यात वरून पोटॅशियमच्या गोळ्या म्हणजे आगीत तेल. मूत्रपिंड कमजोर असेल किंवा शरीरात पोटॅशियम राखून ठेवणारं स्पायरोनोलॅक्टोन हे औषध चालू असेल तर धोका आणखी वाढतो.

गोळ्या सुरू केल्याच असतील तर बंद करा आणि पुढच्या डोसआधी डॉक्टरांना सांगा. पांढऱ्या पेशी खूप वाढल्या असतील तर त्या तपासणीच्या नळीतच फुटतात आणि पोटॅशियमचा आकडा खोटा वाढलेला दिसतो. गोळ्यांची गोष्ट लपवली, तर खरी वाढही त्याच खोट्या आकड्यात खपून जाऊ शकते.